पदवी स्तरावरील भाषाविज्ञान : मराठी पाठ्यग्रंथ आणि घाटकोपरची भाषा

प्रस्तावना

मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात मराठी हा प्रमुख विषय घेऊन कला शाखेची पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याची भाषाविज्ञानाशी गाठ दीर्घकाळ पडत आली ती तृतीय वर्षात, सहा अभ्यासपत्रिकांपैकी एका अभ्यासपत्रिकेच्या निमित्ताने. त्याआधीची दोन वर्षे तो कविता, कादंबरी, नाटक वाचतो. साहित्य कसे वाचावे याविषयी त्याच्या मनात काही कल्पना तयार होतात. अशा वेळी अचानक स्वन, स्वनिम, रूपिम, पदबंध ही परिभाषा त्याच्यासमोर येते. वर्ष संपते तेव्हा व्याख्या पाठ झालेल्या असतात आणि भाषा मात्र जिथे होती तिथेच राहते. भाषाविज्ञान हाच प्रमुख विषय घेऊन पदवी घेण्याची सोय अलीगढ मुस्लिम विद्यापीठासारख्या मोजक्या ठिकाणी आहे. मुंबईत या विषयाचा स्वतंत्र विभाग कालिना संकुलात आहे, पुण्यात डेक्कन कॉलेजची मोठी परंपरा आहे. पण दोन्हीकडचे दार मुख्यतः पदवीनंतरच्या विद्यार्थ्यासाठी उघडते. पदवी स्तरावर मराठी मुलाला भाषाविज्ञान भेटते ते साहित्याच्या घरातले पाहुणे म्हणून.

या पाहुण्याचा परिचय ज्या मराठी ग्रंथांतून होतो ते ग्रंथ पदवीच्या विद्यार्थ्याला नेमके काय देतात आणि काय देत नाहीत, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. त्यासाठी घाटकोपर हे उपनगर जाणीवपूर्वक निवडले आहे. मराठी, गुजराती, कच्छी, हिंदी, तमिळ अशा अनेक भाषा एका रेल्वे स्थानकाच्या दोन बाजूंना नांदतात. १९३८ साली हिंदीच्या प्रसारासाठी स्थापन झालेली हिंदी विद्या प्रचार समिती इथलीच, आणि तिचे रामनिरंजन झुनझुनवाला महाविद्यालय १९६३ पासून इथेच आहे. भाषेच्या अभ्यासाला याहून अनुकूल भूमी शोधूनही सापडणार नाही. तरीही येथील विद्यार्थी भाषाविज्ञानाच्या उत्तरपत्रिकेत घाटकोपरचे एकही उदाहरण लिहीत नाही, ही वस्तुस्थिती विचार करायला लावणारी आहे.

ग्रंथांची वाट

मराठीत भाषाविचाराची परंपरा क्षीण नाही. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे, मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चे. त्याआधी १९०९ मध्ये राजवाड्यांनी ज्ञानेश्वरीतील भाषेचे व्याकरण मांडले. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने मराठीच्या घडणीवर लिहिलेला ग्रंथ १९२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो मराठीत आणला. आधुनिक अर्थाने भाषाविज्ञान मराठी वाचकाच्या हाती दिले ते मात्र ना. गो. कालेलकर यांनी. पॅरिसमध्ये शिकलेल्या कालेलकरांचे ‘ध्वनिविचार’ १९५५ मध्ये आणि ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या ग्रंथाला १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. एका शास्त्रीय ग्रंथाला साहित्याचा सन्मान मिळावा, यात कालेलकरांच्या गद्याचे मोठेपण आहे. परिभाषेचा बडिवार न माजवता ते वाचकाला विषयात उतरवतात. पदवीच्या विद्यार्थ्याने मुळातून वाचावा असा हा लेखक आहे. दुर्दैवाने त्याच्या वाट्याला येतो तो बहुधा प्रश्नसंचातला दोन परिच्छेदांचा सारांश.

कालेलकरांची मर्यादा त्यांच्या दृष्टीची नसून त्यांच्या काळाची आहे. भाषेचा भूगोल म्हटला की त्या पिढीच्या डोळ्यांसमोर गावे, खोरी, घाट आणि प्रांतांच्या सीमा येत. झील्येरोंनी फ्रान्सचा भाषिक नकाशासंग्रह केला तो खेड्यापाड्यांच्या आधारे. ग्रियर्सनच्या सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ चा. त्यातही जिल्हावार नमुनेच आहेत. अ. मा. घाटगे यांनी १९६३ पासून मराठीच्या बोलींचे जे सर्वेक्षण प्रसिद्ध केले, त्यात दक्षिण कानडातील कोंकणीपासून कुडाळी आणि ठाण्याच्या वारलीपर्यंत अनेक बोली आल्या, पण महानगराची बोली हा त्या मालिकेचा विषय नव्हता. दर बारा कोसांवर भाषा बदलते, ही आपल्याकडची म्हण या साऱ्या विचारामागे उभी आहे. घाटकोपरमध्ये ही म्हण लंगडी पडते. पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा रेल्वेचा पूल ओलांडला की भाषा बदलते. पुष्कळदा तो ओलांडावाही लागत नाही, फक्त दुकान बदलावे लागते.

अशोक रा. केळकर यांची गोष्ट वेगळी. कॉर्नेल विद्यापीठात १९५८ मध्ये त्यांनी मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर आणि पदव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. पुढे ‘मराठी भाषेचा आर्थिक संसार’, ‘वैखरी’, ‘मध्यमा’ या पुस्तकांतून त्यांनी भाषाव्यवहाराचा विचार मराठीत रुजवला, आणि ‘रुजुवात’साठी त्यांना २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. केळकरांनी घडवलेली परिभाषा अत्यंत काटेकोर आहे. तथापि, त्यांचे वाक्य इतके घट्ट विणलेले असते की विशीतल्या वाचकाला त्याचा एक धागाही सहजी सुटत नाही. केळकर हे शिक्षकांचे लेखक आहेत. त्यांच्यापासून पदवीच्या वर्गापर्यंत पूल बांधण्याचे काम शिक्षकांचे होते, आणि ते पुरेसे झाले नाही.

मिलिंद मालशे यांचे ‘आधुनिक भाषाविज्ञान : सिद्धान्त आणि उपयोजन’ (१९९५) हे पुस्तक या दोघांच्या मधल्या जागेत उभे राहते. सोस्यूर आणि चॉम्स्की यांच्या विचारांची ओळख मराठीतून इतक्या स्वच्छपणे करून देणारी पुस्तके फार नाहीत, आणि शीर्षकातील ‘उपयोजन’ हा शब्द साहित्याच्या विद्यार्थ्याला दिलासा देणारा आहे. या पुस्तकाचे अनेक वर्गांवर ऋण आहे. परंतु वर्गात पुस्तकाचे काय होते, हा प्रश्न पुस्तकाच्या गुणवत्तेहून निराळा आहे. सिद्धान्ताची प्रकरणे परीक्षेसाठी वाचली जातात, उपयोजनाची राहून जातात. पुढे त्या सिद्धान्तांचेही ‘सोस्यूरच्या द्वंद्वांवर टीप लिहा’ एवढ्यापुरते आकुंचन होते. याचा दोष पुस्तकाकडे जात नाही.

‘पिन’, ‘स्पिन’ आणि ‘पाणी’

स्वनिम ही संकल्पना कशी शिकवली जाते, हे याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. इंग्रजी पाठ्यपुस्तकांच्या वळणावर लिहिलेल्या टिपणांत ‘पिन’ आणि ‘स्पिन’ ही जोडी हमखास असते. ‘पिन’मधील प्रारंभीचा ध्वनी किंचित महाप्राण, ‘स्पिन’मधील अल्पप्राण, इंग्रजीत या फरकाने अर्थ बदलत नाही, म्हणून ही एकाच स्वनिमाची दोन स्वनांतरे. इंग्रजी भाषकाला हे उदाहरण चकित करते, कारण जो फरक त्याला ऐकूच येत नव्हता तो त्याला दाखवला जातो. मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत नेमके उलट घडते. मराठीत ‘पळ’ आणि ‘फळ’ हे वेगळे शब्द आहेत, अल्पप्राण-महाप्राण हा भेद इथे अर्थभेदक आहे. तेव्हा ‘प’ आणि ‘फ’ एकच कसे, या गोंधळात विद्यार्थी पडतो आणि शेवटी समजून न घेता उदाहरण पाठ करतो. स्वनिम हा भाषेगणिक वेगळा असतो, हा मूळ मुद्दाच त्याच्या हातून निसटतो.

वास्तविक मराठीत याहून उत्तम सामग्री घरबसल्या उपलब्ध आहे. ‘जग’ हा शब्द विश्व या अर्थी उच्चारला की ‘ज’ तालव्य असतो आणि ‘जगणे’चे आज्ञार्थी रूप म्हणून उच्चारला की दन्ततालव्य. लिपीत अक्षर एकच, उच्चार दोन, आणि अर्थही दोन. हिंदीभाषक सहाध्यायी हा दुसरा ‘ज’ उच्चारत नाही हे मराठी विद्यार्थ्याला रोज ऐकू येते. त्यामागे स्वनिमव्यवस्थेतील फरक आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. ‘बेट’ आणि ‘बॅट’ ही आणखी एक जोडी. इंग्रजीतून आलेल्या शब्दांबरोबर एक नवा स्वर मराठीत स्थिरावला, आणि शासनाच्या २००९ च्या निर्णयाने ‘ॲ’ व ‘ऑ’ यांना वर्णमालेत अधिकृत जागाही दिली. उसन्या स्वराला अक्षर मिळाले. घरच्या दोन ‘ज’कारांना मात्र आजही एकाच अक्षरात दाटीवाटीने राहावे लागते.

याहून अधिक नाजूक प्रश्न ‘ण’ आणि ‘न’ यांचा आहे. ‘मण’ आणि ‘मन’, ‘कोण’ आणि ‘कोन’ या जोड्यांवरून प्रमाण मराठीत हे दोन स्वतंत्र स्वनिम ठरतात. पण वऱ्हाडापासून खानदेशापर्यंतच्या अनेक बोलींत आणि मुंबईतील मोठ्या मराठी समूहांच्या बोलण्यात ‘पानी’, ‘कोन’, ‘आनि’ हीच रूपे ऐकू येतात. त्या बोलींत ‘ण’ हा स्वनिम नाही, इतकेच भाषाविज्ञान म्हणते. समाज मात्र एवढ्यावर थांबत नाही. तो या ‘न’वरून बोलणाऱ्याची जात, वस्ती आणि शिक्षण यांचा अंदाज बांधतो. घाटकोपरच्या गुजराती कुटुंबातील मूल ‘ण’ आणि ‘ळ’ हे दोन्ही ध्वनी आपल्या मातृभाषेतून घेऊन येते. त्याचे ‘पाणी’ निर्दोष असते, आणि शेजारच्या मराठी मुलाचे ‘पानी’ अशुद्ध ठरते. ज्याची मातृभाषा मराठी त्याच्याच मराठीवर ठपका पडावा, हा विचित्र न्याय आहे. हिंदीतले ‘पानी’ मात्र कुणाला खटकत नाही. एका ध्वनीच्या निमित्ताने स्वनिम, बोली, प्रमाणभाषा आणि सामाजिक प्रतिष्ठा ही सारी प्रकरणे एकाच तासात उलगडू शकतात. पाठ्यग्रंथांत ती चार स्वतंत्र प्रकरणे असतात आणि चौथ्यापर्यंत पोहोचेतो वर्ष संपते.

‘मी गेली’

भाषाविज्ञानाच्या अभ्यासपत्रिकेत विद्यार्थी लिहितो की कोणतीही बोली शुद्ध वा अशुद्ध नसते, प्रत्येक बोलीला स्वतःचे नियम असतात. या उत्तराला पूर्ण गुण मिळतात. त्याच विद्यार्थिनीने निबंधात ‘मी काल ग्रंथालयात गेली’ असे लिहिले की त्याखाली लाल रेघ येते. लेखनात प्रमाणभाषेचा आग्रह धरणे यात गैर काही नाही. १९६२ आणि १९७२ च्या लेखननियमांमागे एकवाक्यतेची व्यावहारिक गरज होतीच. (ते नियम लेखनाचे आहेत, बोलण्याचे नाहीत, हे विसरले जाते ही गोष्ट वेगळी.) आक्षेप आहे तो त्या लाल रेघेनंतरच्या मौनाला. चूक दाखवली जाते, पण ती चूक का घडते हे सांगण्याची साधने ज्या शिक्षकाजवळ आहेत तोही ती वापरत नाही.

साधने वापरली तर काय दिसते? प्रमाण मराठीत पुल्लिंगी रूपावली ‘मी गेलो, तू गेलास, तो गेला’ अशी आहे. स्त्रीलिंगी ‘मी गेले, तू गेलीस, ती गेली’ अशी. स्त्रीलिंगाचा ‘ई’ दुसऱ्या आणि तिसऱ्या पुरुषात दिसतो, पहिल्या पुरुषात नाही. शिवाय ‘गेले’ हे रूप आधीच ‘ते गेले’ या पुल्लिंगी अनेकवचनात आणि नपुंसकलिंगी एकवचनात गुंतलेले आहे. मुंबईची मराठी ‘मी गेली, तू गेलीस, ती गेली’ म्हणते तेव्हा ती या रूपावलीतील एक विसंगती दूर करत असते. साम्यानुसारी बदल म्हणून पुस्तकात जो शिकवला जातो तो हाच. विद्यार्थिनीच्या तोंडी असलेले रूप हे निष्काळजीपणाचे लक्षण नसून भाषाबदलाचा पुरावा आहे, हे तिला कळले तर ती प्रमाण रूपही अधिक जाणतेपणाने शिकेल. ‘तो मला बोलला की’ या रचनेचेही असेच. ‘म्हणणे’ आणि ‘बोलणे’ यांतील वाटणी मुंबईत मोडत चालली आहे. त्यात शेजारच्या हिंदीचा वाटा किती आणि मुंबईत येऊन मिसळलेल्या बोलींचा किती, हा पदवीच्या प्रकल्पाला शोभेल असा खराखुरा प्रश्न आहे.

भाषांच्या शेजाराचा विषय निघाला की घाटकोपरची सामग्री ओसंडून वाहू लागते. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा श्रोत्याला वगळणाऱ्या व सामावून घेणाऱ्या सर्वनामांचा भेद मराठीत आहे, गुजरातीत ‘अमे’ आणि ‘आपणे’ असा तो आहे. प्रमाण हिंदीत फक्त ‘हम’. मुंबईच्या हिंदीने मात्र ‘अपन’ला हाताशी धरून ही उणीव भरून काढली. लिंगव्यवस्थेत मराठी आणि गुजराती तीन लिंगे बाळगतात, हिंदी दोन. ‘पुस्तक’ मराठीत व गुजरातीत नपुंसकलिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. मराठी शिकणारा हिंदीभाषक ‘माझी पुस्तक’ म्हणेल आणि गुजरातीभाषक ती चूक सहसा करणार नाही, हे भाकीत वर्गातच तपासता येईल. ‘तू पोळी खाल्लीस’ या साध्या वाक्यात क्रियापद ‘ई’ने कर्माशी आणि ‘स’ने कर्त्याशी, असे एकाच वेळी दोघांशी नाते सांगते. हिंदीच्या ‘तूने रोटी खाई’मध्ये हे दुहेरी नाते नाही. आपल्या भाषेत असे काही आहे याची जाणीव मराठीचा पदवीधर घेऊन बाहेर पडत नसेल, तर सोस्यूरच्या द्वंद्वांवरील टिपेचा त्याला उपयोग काय?

खुद्द ‘घाटकोपर’ हे नावही वर्गात कधी चर्चेला येत नाही. ‘घाट के ऊपर’ ही व्युत्पत्ती सर्वत्र ऐकवली जाते. तिच्यात ‘के ऊपर’ हा हिंदी पदसमूह आहे, आणि जुन्या साष्टीतील गावाला हिंदी पदसमूहाचे नाव कसे पडले हे ती सांगत नाही. उलट, ठाण्याची कोपरी, डोंबिवलीजवळचे कोपर, नवी मुंबईतील कोपरखैरणे ही नावे शेजारी ठेवली की ‘कोपर’ हा या प्रदेशातील स्थलनामांचा स्वतंत्र घटक असावा असे दिसू लागते. ‘कोपरा’शी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो; पण जुनी कागदपत्रे तपासल्याखेरीज तोही लोकव्युत्पत्तीचाच दुसरा नमुना ठरेल. पुरावा कुठे संपतो आणि तर्क कुठे सुरू होतो, हे शिकवायला याहून सुटसुटीत उदाहरण मिळणे कठीण.

साहित्याच्या बाजूनेही हे उपनगर रिते नाही. अण्णा भाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले. वाटेगावची, वारणेच्या खोऱ्यातली भाषा घेऊन आलेल्या या लेखकाने ‘फकिरा’ (१९५९) लिहिली तेव्हा निवेदनासाठी प्रमाणभाषेच्या जवळचे गद्य आणि संवादांसाठी आपल्या भागाची बोली अशी विभागणी केली. ही कादंबरी मराठीच्या वर्गात वाचली जाते ती विद्रोहाच्या आशयासाठी. निवेदन आणि संवाद यांतील भाषिक अंतर, त्या अंतरामागची लेखकाची वाचकाविषयीची समज, याची चर्चा करायची तर भाषाविज्ञानाचा शिक्षक आणि कादंबरीचा शिक्षक एकाच तासाला बसले पाहिजेत. बहुतेक ठिकाणी ती एकच व्यक्ती असते, तरीही हे घडत नाही.

विभाग आणि वेळापत्रक

याचे एक कारण विभागांच्या भिंतींत आहे. हिंदी विभागातही तृतीय वर्षाला भाषाविज्ञान शिकवले जाते. इंग्रजी विभागात ध्वनिविचाराची तोंडओळख होते. एकाच इमारतीत, कधी एकाच मजल्यावर, स्वनिमाची व्याख्या निरनिराळ्या भाषांत लिहून घेतली जाते आणि त्या वर्गांतील विद्यार्थी एकमेकांना कधी भेटत नाहीत. तुलनेखेरीज भाषाविज्ञान नाही, आणि आपल्याकडे तुलनेचीच तेवढी सोय नाही.

विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीची नवी रचना सुरू झाली. ‘मेजर’, ‘मायनर’, खुले निवडक विषय आणि श्रेयांक यांनी वेळापत्रक भरून गेले. या रचनेविषयी शिक्षकांच्या तक्रारी पुष्कळ आहेत आणि त्यांतील काही रास्त आहेत. तथापि, ‘मायनर’ या चौकटीत भाषाविभागांनी एकत्र येऊन भाषाविज्ञानाचा समान अभ्यासक्रम चालवण्याची वाट तिने मोकळी केली आहे, हेही नाकारता येत नाही. अडचण येते ती शिक्षकाची. महाविद्यालयात पद मंजूर होते ते मराठीचे, हिंदीचे किंवा इंग्रजीचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पात्रता परीक्षेत भाषाविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे, पण तो उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराला पदवी महाविद्यालयात बसायला खुर्ची नाही. खुर्ची नाही म्हणून विषय नाही, आणि विषय नाही म्हणून खुर्चीची मागणी नाही. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा सत्काराचे समारंभ महाविद्यालयांतही झाले. त्या दर्जाचा लाभ प्राचीन ग्रंथांइतकाच जिवंत भाषेच्या अभ्यासालाही व्हावा, अशी मागणी फारशी कुणी केली नाही.

पदांचा प्रश्न सुटेपर्यंत एक गोष्ट शिक्षकांच्या हाती निश्चित आहे, ती म्हणजे प्रश्नपत्रिका. मॉस्कोमध्ये १९६५ पासून शालेय विद्यार्थ्यांसाठी भाषाविज्ञानाची ऑलिम्पियाड होते. आंतरराष्ट्रीय स्पर्धा २००३ मध्ये सुरू झाली आणि २०१६ साली ती म्हैसूरला भरली. त्यात व्याख्या विचारत नाहीत. अपरिचित भाषेतील दहा-बारा वाक्ये आणि त्यांचे अर्थ दिलेले असतात. नियम विद्यार्थ्याने शोधायचा असतो. शाळेतील मुलांना जे जमते ते पदवीच्या तिसऱ्या वर्षाला जमणार नाही असे मानण्याचे कारण नाही. ‘स्वनिमाची व्याख्या देऊन स्वनांतराची संकल्पना स्पष्ट करा’ या प्रश्नाऐवजी कच्छीची दहा वाक्ये, किंवा घाटकोपर स्थानकाबाहेरच्या भाजीबाजारात परवानगी घेऊन टिपलेला पाच मिनिटांचा संवाद प्रश्नपत्रिकेत द्यावा आणि त्यातील लिंग, वचन, सर्वनामे यांची व्यवस्था शोधायला सांगावी. असा प्रश्न तपासायला वेळ लागतो, त्याचे आदर्श उत्तर बाजारात विकत मिळत नाही, आणि परीक्षकालाही ती सामग्री आधी स्वतः सोडवून पाहावी लागते.